शिंप्याचा शब्द

दुसऱ्याच्या तोंडातला शब्द तुम्ही कधी पळवलाय का? नाही म्हणू नका. गल्लीतल्या शिंप्याचे शब्द तर सगळ्यांनीच पळवलेत, आणि वर त्याला मदत म्हणतात!

शिंपी बोलताना अडखळतो. हॉटेलात "क... क..." म्हणाला की वेटर "कॉफी!" म्हणत पळतो. याला हवा असतो कडक चहा. कित्येक वर्षं बिचारा नाक मुरडत कॉफी पितोय.

आता लेकीचं लग्न ठरलं, येत्या शनिवारचं. जेवणाआधी बापाने पाहुण्यांपुढे दोन शब्द बोलायचे. मेहुणा छाती फुगवून म्हणाला, "दाजी, तुम्ही नुसते हात जोडा. बोलायचं मी बघतो."

शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मस्तकातून जिभेवर येईपर्यंत मेहुणा निघूनही गेला होता.

इस्पितळात अडखळणाऱ्यांच्या मेंदूवर संशोधन चाललंय हे कळताच शिंपी स्वतःहून तिथे गेला. संशोधक बाईंनी समजावलं, "काका, बोलताना जीभ, ओठ, श्वास यांची वेळ मेंदू जुळवतो. तुमची जुळणी कुठे अडते ते बघायचंय. औषधबिषध मिळणार नाही हं."

त्याला बोगद्यासारख्या यंत्रात झोपवलं. यंत्र धडधडू लागलं, आणि शिंपी समोरची वाक्यं घडाघडा वाचत सुटला! दुकानात शिलाई मशीनचा खडखडाट चालू असला की तो असाच सुटतो; स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की जीभ अडत नाही. बायकोशी भांडायचं तर आधी पायडल मारतो.

"काका, अडखळा ना जरा!" बाई रडकुंडीला आल्या.

"जन्मभर लोक म्हणाले अडखळू नकोस, आणि तुमचं हे असं!" आतून उत्तर आलं. तेही सरळ.

शेवटी बाईंनी यंत्र मध्ये मध्ये थांबवलं आणि त्या शांततेत मनातलं काहीही बोलायला सांगितलं.

"माझी मु... मु..."

"मुलगी!" यंत्र चालवणारा माइकवरून ओरडला.

बाई कडाडल्या, "अरे, नेमकं तेच टिपायचं होतं! त्यांचा शब्द त्यांना म्हणू दे!"

"मु... मुंडी आखडली," आतून क्षीण आवाज आला.

आपल्या बाजूने कुणी दुसऱ्यावर डाफरलंय, हे शिंपी पहिल्यांदाच ऐकत होता. बाईंचं ते वाक्य तो घरी घेऊन आला आणि मशीन बंद ठेवून मेहुण्यासमोर उभा राहिला.

"शनिवारी मी बो... बो..."

"बोलणार? दाजी, लोक हसतील!"

"थां... थांब. माझा शब्द मी म्हणेन. बो... बोलणार."

मेहुण्याचं तोंड उघडं ते उघडंच. बायको म्हणाली, "दादा, मिट आता."

तर शनिवारी तुम्हीही या. शिंपी पहिल्याच अक्षरावर अडेल. जेवण कुठे पळून जात नाही; तेवढा वेळ त्याच्याकडे बघा, आणि कृपा करून तोंड मिटून थांबा.