आवाज खाली, मान वर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. कळमनुरीपासून थोडं आत असलेल्या खेड्यात मी शिकवते. पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. "ताई, सर गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणले, दवाखान्यात नेलं, पण..." फोनवर वहिनी होती. दादाला ती घरातही 'सर'च म्हणायची. मी हिंगोलीला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. डॉक्टरांनी हार्ट ॲटॅक म्हणून स्पष्ट सांगितलं होतं, तरी कुजबुज सुरूच होती... यानंच काही करून घेतलं असंल, डोक्याच्या गोळ्या खात होता म्हणे. आमचे चुलते माझ्या मागोमाग आत आले आणि हळूच म्हणाले, "त्या गोळ्या आधी उचल. लोक काय बी बोलतेत. त्याची पोरगी उद्या लग्नाची हाय." गोळ्यांची पट्टी पाण्याच्या तांब्याशेजारीच होती. त्यांनी स्वतःच हात पुढं केला. तेवढ्यात वहिनी रडता रडता थांबली. "राहू द्या तिथंच, मामंजी. चोरून खात नव्हते ते."

म्हणून हे लिहिते आहे. माझा भाऊ मारोती, हिंगोलीतल्या कितीतरी पोरापोरींचा इंग्रजी संभाषण शिकवणारा मारोती सर, याला नैराश्याचा आजार होता. तो त्यावर गोळ्या घ्यायचा, आणि गेला तो हृदयविकारानं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींतली एकही लपवण्यासारखी नाही.

आमचं घर कुरुंद्याकडचं, मेंढरांवर चाललेलं. वडलांसोबत, म्हणजे अण्णांसोबत, रानात फिरताना दादा रेडिओवरच्या इंग्रजी बातम्यांची नक्कल करायचा आणि अण्णा मेंढरांना म्हणायचे, "ऐका गं, साहेब बोलून राहिला." त्याच इंग्रजीच्या जोरावर तो पुण्याला गेला. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची नोकरी होती, पगार चांगला होता. मग एके दिवशी पिशवी घेऊन एसटीनं घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला, तो कित्येक दिवस उठलाच नाही. जेवायचा नाही, बोलायचा नाही. गावानं निदान केलं, पोरगं येडं झालं. कुणी लिंबू उतरवायला सांगितलं, कुणी लग्न करून टाका म्हणालं. माय तेवढी ठाम होती. "येडा न्हाई झाला माजा लेक, थकून गेलाय," असं म्हणून तिनं अण्णांना त्याला नांदेडच्या डॉक्टरांकडं न्यायला लावलं. बरा व्हायला वेळ लागला. पुढं कधीतरी तो मला म्हणाला होता, "दिवसभर लोकांना 'हाऊ आर यू' विचारायचो गं. मला कुणी उलटं विचारलं असतं ना, तर खरं उत्तर द्यायला मला ना इंग्रजी यायचं, ना मराठी."

हिंगोलीत त्यानं वर्ग काढला तो याच उत्तरासाठी, असं मला आता वाटतं. रस्त्यालगतची एक खोली. आधी तिथं हळदीची पोती ठेवायचे, त्यामुळं भिंतींना कायम तो वास. ओळख करून देणं, मुलाखत, फोनवरचं बोलणं हे सगळं तो शिकवायचाच, पण त्याचा आवडता धडा वेगळा होता. मनावर ताण आहे हे साहेबाला, मैत्रिणीला, डॉक्टरला नम्रपणे कसं सांगायचं. 'आय ॲम गोइंग थ्रू अ डिफिकल्ट टाइम. कुड वी टॉक, इफ यू हॅव अ मिनिट?' पोरं लाजायची, खिदळायची. तो थांबायचा आणि पुन्हा म्हणून घ्यायचा. "रडून सांगितलं तर लोक घाबरतात, ओरडून सांगितलं तर बिथरतात. आवाज खाली ठेवा, पण मान वर. नम्र म्हणजे लाचार न्हाई." दुसऱ्याला कसं विचारायचं तेही शिकवायचा. 'वुड यू लाइक टु टॉक?' एवढंच विचारायचं, आणि समोरचा नको म्हणाला तर गप्प त्याच्याजवळ बसायचं.

एकदा मी तिथं असतानाच एका मुलीचे वडील आले. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं आडतीचं दुकान. "सर, पोरीला इंटरव्ह्यूचं इंग्रजी शिकवा. हे टेन्शनचं, डोक्याचं काहून शिकवून राहिले? उद्या लोक म्हणतील, पोरगीच तशी हाय." दादानं खडू खाली ठेवला. "काका, ताप आला तर काय म्हणायचं ते शिकवतो, ते चालतं ना तुमाला? हा बी आजारच हाय. मला हाय. गोळ्या चालू हायेत माझ्या." भरल्या वर्गात. ते गृहस्थ पोरीला घेऊन गेले, पाठोपाठ आणखी काही पोरं बंद झाली. वर्ग निम्म्यावर आला. मी म्हटलं, दादा, तो एक धडा काढून टाक ना. तो म्हणाला, "मग मी इथं काय विकू? नुसतं 'आय ॲम फाइन'?"

परवीन याच वर्गातली. तिचे अब्बा शिलाईकाम करायचे. तिला पुण्यात नोकरी लागली आणि काही महिन्यांनी तिची झोपच उडाली. तिचा फोन आला तो दादानं मला ऐकवला. "सर, साहेबांना बोलले. झोप नाही, डॉक्टरकडं जायचंय, दोन दिवस सुट्टी द्या. सगळं इंग्रजीत, प्लीज लावून."

"मग?"

"हसले वो सर. म्हणले, स्ट्रेस तो सबको होता है."

"मग तू?"

"मी बोलले, येस सर, सबको होता है. दॅट इज व्हाय आय ॲम आस्किंग पोलाइटली."

सुट्टी एकाच दिवसाची मिळाली. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेलीच नाही. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्याचे स्वतःचे सगळे दिवस असे हसरे नव्हते. कधीकधी तो वर्गात यायचा, पोरांसमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, 'आय ॲम नॉट वेल टुडे. आय विल सी यू टुमॉरो.' ताप आला असं कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र यायचा... बहुतेक वेळा.

म्हणून शोकसभेत एक गृहस्थ "सर नेहमी हसतमुख असायचे" म्हणाले तेव्हा मला बसवेना. मी उठले. म्हटलं, नाही, नेहमी नव्हते. कित्येक सकाळी त्याला अंथरुणातून उठता येत नव्हतं. तरी त्यानं संसार केला, लेक शिकवली, तुमची पोरं बोलती केली. त्याला हसतमुख म्हणून त्याची मेहनत खोडू नका. चुलते खाली बघत होते. माय त्यांच्याच शेजारी बसली होती, ती माझ्याकडं बघत होती.

वर्ग बंद पडलेला नाही. परवीन आता हिंगोलीतच घरून काम करते आणि रविवारी शिकवते. गेल्या रविवारी वहिनी आणि मी गेलो होतो. मनावरच्या ताणाचा धडा चालू असताना दादा खोलीचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवायचा. रस्त्यावरच्यांना ऐकू जाऊ दे म्हणायचा. परवीननंही ते उघडंच ठेवलं होतं. पोरं एकेक करून उभी राहून वाक्यं म्हणत होती. एक स्कूटरवाला वेग कमी करून आत बघायला लागला. वहिनी उठली. मला वाटलं, दार लोटून घेईल. तिनं कोपऱ्यातली खुर्ची उचलून दारात आणून ठेवली आणि म्हणाली, "या ना, बसा."

तो बसला नाही. पण त्यानं स्कूटर बंद केली, आणि धडा संपेपर्यंत तिथंच उभा राहिला.