अंगणात फेकलेलं जाळं

परवा नातवानं टॉनिकची बाटली उघडली, तो गोड-गंजका वास नाकात शिरला आणि मले बाप आठवला. कुरखेड्याकडचं आमचं गाव, धंदा तलावातल्या मासोळीचा. त्या वर्षी मुदतीच्या तापानं बाप असा खंगला, की फेकायचं जाळं त्याच्यानं उचलेना. डॉक्टरानं टॉनिक दिलं, अंडी खायला सांगितली आणि म्हणाला, हातापायाला थोडं थोडं काम द्या, तरच ताकद येईल. मी तेव्हा भर जवान. म्हटलं, "बाबा, तुमी आता तलावाच्या पाळीवर, बांधावर बसा, जाळं मी फेकतो." दुसऱ्या दिवसापासून बाप टॉनिक प्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि अंगणात कोरडं जाळं फेकायचा. ते जमलं तसं भिजवून, जड करून फेकू लागला. एकदा मायच्या कोंबड्याच सापडल्या. माय ओरडली, "काऊन जी, मासोळ्या अंगणात आल्या काय?" "जाळं उघडते का नाई, पाहून राह्यलो ना वं!" धान कापून झाल्यावर एका सकाळी तो माझ्याआधी तलावात उतरला. पहिल्यांदा जाळं अर्धंच उघडलं. मी हात पुढं केला. "थांब!" म्हणून त्यानं पुन्हा फेकलं, आणि जाळं पाण्यावर गोल पसरलं. धाप लागली होती, तरी हसत म्हणाला, "तू ओढ. फेकाचं काम माह्यं." मी ओढलं. पुढं काही वर्षांनी त्यानं आपणहून जाळं माझ्या खांद्यावर टाकलं, तोवर मी ओढतच होतो. आता माझा पोरगा जाळं मागते. त्याले म्हणतो, ओढत राह्य अजून.