समीरची पिच

आधीच सांगून टाकते — मी टेपवर विश्वास ठेवणारी बाई आहे. आइंडहोवनमध्ये घरच्या घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, डच लोकांचे पडदे आखूड करून देणं, पँटच्या चेन... दिवसभर गळ्यात टेप. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. इथल्या मराठी मंडळात गप्पा रंगल्या आणि कुणी "आमच्या गावाला विहिरीपाशी..." असं सुरू केलं, की मी उठून चहाचं बघायला जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घरात हे कुणापाशी बोलता येत नाही, आणि आतल्या आत ठेवलं तर वेड लागेल. म्हणून इथे.

समीर माझा नवरा. गेल्या वर्षी मार्चमध्ये ऑफिसमधून सायकलवरून घरी येताना गेला. हार्ट. कालव्याच्या कडेला सायकल नीट स्टँडवर लावून बाकावर बसला होता म्हणे. मी इकडे आमटीला फोडणी देत होते. त्याच्यानंतर घरात उरलो मी आणि इरा, आमची मुलगी, पंधरा वर्षांची.

समीर चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करायचा. दिवसभर डोळ्यांना दिसणार नाहीत अशी अंतरं मोजायची, आणि रविवारी उठून रानात नुसत्या डोळ्यांनी अंतर मोजायला जायचं! शहराच्या दक्षिणेला एका गावाबाहेर धनुर्विद्येचा क्लब आहे. तिथे झाडांमध्ये फोमची जनावरं उभी केलेली असतात — रानडुक्कर, कोल्हा, आणि 'रे' म्हणजे इथलं छोटं हरीण, आपल्या भेकराएवढं. या देशात धनुष्याने शिकार करायला बंदी आहे, म्हणून फोम. तुम्ही जमिनीत ठोकलेल्या खुंटीपाशी उभं राहायचं, जनावर किती लांब आहे ते स्वतः ठरवायचं आणि बाण सोडायचा. लेझर चालत नाही, टेप चालत नाही. मी म्हटलं, हा कसला खेळ? न मोजता कापड कापण्यासारखं झालं हे.

तिथला ट्रेनर विम. वयाने माझ्या सासऱ्यांएवढा, पण इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, त्यामुळे आमचंही अरे-तुरेच. विमने समीरला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझ्या डोक्यात कुठलं अंतर पक्कं बसलंय?" समीर म्हणाला, "क्रिकेटची पिच." झालं! त्या दिवसापासून हा सगळं पिचमध्ये मोजायला लागला. कोल्हा एक पिच, डुक्कर दीड पिच. आणि बाण? सगळे जनावरांच्या डोक्यावरून पलीकडे. महिनाभर हा झुडपांत बाण शोधत फिरत होता.

शेवटी विमने टेप काढली. समीरची 'पिच' खऱ्या पिचपेक्षा चांगली तीन मीटर आखूड निघाली. समीरने तिथूनच ठाण्याला भावाला फोन लावला — खाली जा आणि पार्किंग मोज. लहानपणी हे लोक सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळायचे ना, टाकीच्या खांबापासून वॉचमनच्या खुर्चीपर्यंत. भावाने मोजलं, तेही तेवढंच आखूड. समीर रानात उभा राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "तरीच! तरीच माझा यॉर्कर कुणाला खेळता यायचा नाही!"

पुढे तीच आखूड पिच त्याची हद्द झाली. कारण मधे एकदा तो विमबरोबर फ्रान्सला गेला होता. तिथे धनुष्याने शिकार चालते. हा नुसता बघायला गेला होता. माझ्या सासूबाई फोनवर म्हणाल्यासुद्धा, "हरणाच्या मागे जाणाऱ्यांचं कधी भलं झालंय का रे?" विमने एका हरणावर जरा लांबून बाण सोडला. विम सांगतो, दोरीचा आवाज आधी पोचतो आणि बाण नंतर. हरीण आवाजाला दचकलं, हललं, आणि छातीत बसायचा तो बाण पोटात बसला. रक्ताच्या मागावर ते अंधार पडेपर्यंत फिरले. हरीण सापडलं नाही. समीर घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही. आणि हा रविवारी मटणाशिवाय न उठणारा माणूस, बरं का. विमनेही त्यानंतर शिकार सोडली. "मला दिसत होतं की लांब आहे," तो म्हणतो. "तरी मी सोडला."

तेव्हापासून समीरचा नियम झाला — ज्या अंतरावरून माझा प्रत्येक बाण जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत बसतो, वाईटातल्या वाईट दिवशीसुद्धा, तेवढंच माझं अंतर. त्याच्यापुढे बाण सोडायचा नाही. क्लबात हरीण त्याच्या पिचच्या बाहेर दिसलं की हा धनुष्य खाली करायचा, शून्य मार्क घ्यायचा आणि पुढच्या खुंटीकडे चालू पडायचा. मी म्हणायचे, "अरे, फोमला काय दुखतंय?"

"फोमला नाही गं. पण हाताला सवय लागते ना."

इरा त्याच्याबरोबर जायची. बाप-लेकीचं सगळं मराठीत चालायचं. माझ्याशी ती निम्मं इंग्लिश बोलते, शाळेत डच, पण बाबाशी फक्त मराठी. तो तिला 'ढमे' म्हणायचा. लहानपणी गुबगुबीत होती ती. मोठी झाल्यावर तिने फर्मान काढलं — घराबाहेर ढमे म्हणायचं नाही, क्लबात तर मुळीच नाही. समीरने कान पकडून शपथ घेतली आणि ती पाळली. उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की ती 'इरा'.

आणि अजून एक सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल. समीर लांबून कधी बोलायचा नाही. मी खाली शिलाई मशीनवरून ओरडायचे, "समीर, ऐकतोयस का?" तर हा 'ओ' द्यायचा नाही. उठून जिना उतरून माझ्या मशीनपाशी यायचा आणि मग म्हणायचा, "बोला, बाईसाहेब." मी चिडायचे. तिथूनच ओ द्यायला तोंड दुखतं का तुझं?

तो गेल्यावर इराने मराठी बोलणं बंद केलं. एकदम. आजीचा फोन आला की स्पीकरवर ऐकायची, उत्तर मान हलवून द्यायची... फोनवर! मला उत्तर डचमध्ये, तेही तुटक. रडली नाही. मैत्रिणी सोडल्या, पोहणं सोडलं. फक्त एक गोष्ट सोडली नाही — बाबाचं धनुष्य. विमने ते तिच्या हाताला पेलेल असं हलकं करून दिलं. मला वाटलं, चला, निदान घराबाहेर तरी पडतेय.

पण ती नेम धरत नव्हती हो, राग काढत होती. दर रविवारी खुंटीच्या मागे अजून मागे जाऊन बाण सोडायची. फोमच्या हरणाच्या पोटात, पायात, पाठीवरून पलीकडे. विम आधी समजावून बघत होता. मग नोव्हेंबरात एका शनिवारी त्याने मला फोन केला. म्हणाला, "उद्या तू पण ये. उद्याही तिने असंच केलं तर मी धनुष्य कपाटात ठेवणार आहे. ज्याला आपलं अंतर कळत नाही त्याच्या हातात मी धनुष्य देऊ शकत नाही. ती समीरची मुलगी असली तरी."

बरोबरच होतं त्याचं. पण धनुष्य गेलं तर या पोरीकडे उरतं काय? आणि माझ्याकडे तरी तिचं काय उरतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. आम्ही तिघंच — पुढे इरा, मधे मी, मागे विम. पाइनची झाडं, खाली ओली सुई-पानं, आवाज म्हणून नाही. पहिल्या काही जनावरांवर इराने खुंटीवरूनच बाण सोडले, बरे सोडले. मला जरा हायसं वाटलं. मग आलो हरणाच्या खुंटीपाशी. झाडांच्या फटीतून ते दिसत होतं, आडवं उभं, करडं-तपकिरी. तेच ते, समीरचं आवडतं.

इरा खुंटीपाशी थांबली. वळून एकदा विमकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि मुद्दाम मागे सरकली. अजून मागे. मला कळलं, तिला धनुष्य जायलाच हवंय. सगळं एकदाचं संपायलाच हवंय तिला. तिने बाण लावला आणि दोरी गालापर्यंत ओढली.

क्लबात एक नियम आहे, सगळे काटेकोर पाळतात — कुणी दोरी पूर्ण ओढली की आसपासच्यांनी अवाक्षर काढायचं नाही. दचकून बाण सुटला तर कुठेही जाऊ शकतो. म्हणून विम गप्प. मीही ओठ दाबून गप्प. मी मनात म्हणत होते, सोडू नको गं, सोडू नको.

इराची पाठ मला दिसत होती. ती ताठ झाली. मग खांदे हळूहळू सैल पडले. तिने दोरी सावकाश पुढे जाऊ दिली, बाण न सोडता, तिच्या बाबासारखी. धनुष्य खाली केलं. आणि मागे न वळता, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"हो बाबा."

मराठीत. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

आणि तेव्हा ते हरीण हललं. फोमचं नव्हतंच ते! खरं होतं, जिवंत. आधी कान हलला, मग त्याने मान वळवली. आमच्याकडे नाही बघितलं त्याने. आमच्या डावीकडे, जिथे कुणी नव्हतं, तिकडे बघत राहिलं. मग चार ढांगा टाकल्या आणि धुक्यात गेलं.

इरा मटकन खाली बसली. ओल्या जमिनीवर. आणि अशी रडली... बापरे. मी तिला धरलं. "आई, मी मारलं असतं त्याला. पोटात लागला असता. आई, मी त्याला मारलं असतं." मग मान वर करून म्हणाली, "बाबा म्हणाला, 'ढमे, पिचच्या बाहेर आहे.' तू ऐकलंस ना?"

मी विमकडे बघितलं. तो आमच्याकडे बघतच नव्हता. तो डावीकडच्या झाडांत बघत होता, टोपी हातात घेऊन.

नंतर कॅन्टीनमध्ये, इरा तोंड धुवायला गेली तेव्हा, विम कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. मला म्हणाला, "मंजिरी, तू बोललीस का तिच्याशी? तुमच्या भाषेत?"

"मी? नाही. दोरी ओढलेली होती."

"पुरुषाचा आवाज होता," तो म्हणाला. "एक शब्द मला कळला. पिच. त्याच्या आधी एक शब्द होता, तो मी कधी ऐकलेला नाही." आणि त्या डच म्हाताऱ्याने, जरा अडखळत, पण अगदी स्वच्छ म्हटलं — "ढमे."

मग विचारलं, "म्हणजे काय?"

मला रडूच आवरेना.

फोमच्या हरणाचं म्हणाल तर त्यात काही गूढ नाही. बाण खाऊन खाऊन त्याच्या पोटाची चाळण झाली होती, म्हणून क्लबातल्या एकाने आदल्या दिवशी ते दुरुस्तीला आत आणून ठेवलं होतं आणि विमला सांगायचं राहिलं. खरं हरीण धुक्यात माणसं बघून गोठल्यासारखं उभं राहतं, हेही मला विमनेच सांगितलं. हे सगळं टेपमध्ये बसतं. इराचंही एक वेळ बसवते मी — बापाची आठवण, मनाचे खेळ, त्या वयातली पोर. पण विमचं कसं बसवू? ढमे हा शब्द त्याच्या कानावर कधी पडलाच नव्हता. आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही, खोटं बोलायला त्याला कारणही नाही.

बरं, ते सोडा. त्याचाही मला एवढा त्रास होत नाही.

इरा पुढे उभी होती, तिला ऐकू आलं. विम मागे उभा होता, त्याला ऐकू आलं. मी मधे उभी होते. मला काहीच ऐकू आलं नाही. हरणाच्यासुद्धा कानावर गेलं हो, आणि माझ्या नाही! अठरा वर्षांचा संसार केला मी त्याच्याशी.

ती सोन्याच्या हरणाची गोष्ट आहे ना, त्यात बिचारीला रानातून नवऱ्याची हाक ऐकू येते, आणि ती खोटी असते. मला तर खोटीसुद्धा आली नाही.

इराने "तू ऐकलंस ना?" विचारलं तेव्हा मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? तिने त्याच रात्री आजीला फोन लावला, पहिल्यांदा स्वतःहून, आणि धडाधड मराठीत सगळं सांगितलं. "आजी, आईनेपण ऐकलं!" सासूबाई तिकडे रडत होत्या. माझ्याशी बोलायला फोन मागितला आणि म्हणाल्या, "सांग गं मंजिरी, कसा होता आवाज त्याचा? थकलेला नव्हता ना?" मी म्हटलं, "नाही आई. नेहमीसारखाच होता." म्हणून म्हटलं, घरात कुणापाशी बोलता येत नाही.

धनुष्य इराकडेच आहे. तिने आपलं अंतर ठरवलंय, बाबाच्या पिचपेक्षाही आखूड. विम खूश आहे.

मध्यंतरी एक दिवस ती शाळेत असताना मी एकटी सायकल काढून तिथे गेले. त्या खुंटीपाशी उभी राहिले. आधी हळू हाक मारली, मग जोरात. मग काय काय बोलले, रागावले, भांडले, तुला फक्त लेकच दिसते का रे म्हटलं. कुत्र्याला फिरवणारा एक माणूस थांबून बघून गेला. काही नाही. पाइनवरून पाणी ठिबकत होतं तेवढंच. घरी येऊन मशीनवर बसले, एका बाईचे पडदे द्यायचे होते.

संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर मशीनपाशी उभी राहून मी नेहमीसारखी वर बघून ओरडले, "इरा, जेवायला ये गं! ऐकतेयस का?" वरून ओ नाही. मी परत ओरडणार, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ती खाली आली, माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"बोला, बाईसाहेब."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे. लहानपणापासून बघितलंय तिने, बापाचं उचललं. त्या सकाळचं मात्र अजून नाही, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असलं तरी आता मला ते नको आहे. मी दिवा मालवते, पोळ्या झाकून ठेवते आणि झोपायच्या आधी जरा वेळ मशीनपाशी गप्प बसते. हाक मारत नाही. तो लांबून ओ देत नाही, हे मला माहीत आहे.