घोट ऐकणारी बाई

राजोडीतल्या त्या बंगल्यात आता शनिवार-रविवारी मुंबईची माणसं राहायला येतात. चार वर्षांपूर्वी तिथे एका विनोदी मालिकेचं शूटिंग चालायचं आणि मी तिच्या आवाजाचं काम बघायचो. मनवेलपाड्याहून रोज बाइकवर जायचो, पाठीवरच्या बॅगेत रेकॉर्डर, माइक आणि गुंडाळलेल्या वायरी. परवा त्या रस्त्याने गेलो, तर मालिका आठवलीच नाही. आठवली ती रोझलिन मावशी.

मालिकेतल्या घरात बाळ येणार असं ठरलं, तेव्हा खरं बाळ हवं म्हणून शोधाशोध सुरू झाली. बंगल्यामागच्याच आळीत रोझलिन मावशीचं घर. तिचा नातू जॉयल तेव्हा चार महिन्यांचा होता. मावशीने नातू दिला, पण स्वतःच्या अटींवर. दिव्यांखाली एका वेळी वीस मिनिटं, त्यापुढे एक मिनिट नाही. भूक लागली की आधी पाजणं, मग शूटिंग. आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा होईपर्यंत कुणी दार वाजवायचं नाही. आमचे दिग्दर्शक हर्षवर्धन सर कुणाचं ऐकत नसत, पण मावशीपुढे ते गप्प मान हलवायचे.

मावशी माणिकपूरच्या एका प्रसूतिगृहात एकतीस वर्षं आया होती. कुणी नर्स म्हटलं की लगेच दुरुस्त करायची, नर्स नाही, आया. ते प्रसूतिगृह बंद झालं, आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत. जेवणाच्या सुट्टीत ती तिथल्या गोष्टी सांगायची आणि आम्ही सगळे पत्रावळीसकट तिच्याभोवती बसायचो. वॉर्डात एक छोटा टीव्ही होता. संध्याकाळी विनोदी मालिका लागली की बाळंतिणी हसायच्या आणि हसता हसता कळवळायच्या, कारण निम्म्यांच्या पोटाला टाके. मग मावशीने नियमच केला. मालिका लावायची, पण आवाज बंद. टाके नसतील तिने इतरांना गोष्ट सांगायची, तीही हसू येणार नाही अशी.

टीव्हीवरच्या बाळंतपणांवर मात्र ती स्वतः पोट धरून हसायची. मालिकेतल्या बाईला सकाळी कळा सुरू होतात, जाहिराती संपेपर्यंत बाळ होतं आणि संध्याकाळी ते मान धरून टाळ्या पिटतं, असं तिचं निरीक्षण होतं. तिथे बाप चक्कर येऊन पडतो, डायपर उलटा लावतो. बाळ रडलं की कुणीतरी बाटली आणतं. अंगावर पाजायची वेळ आलीच तर आई खोलीत जाते, दार लागतं, आणि बाहेर नवऱ्याची नाहीतर सासऱ्याची धांदल उडते. आमच्या मालिकेतही हेच होतं. ते दार लागलं की तिथे हशा टाकायचा, हे माझं काम. लॅपटॉपवर माझ्याकडे हशांचा एक फोल्डरच होता, खुदकन हसण्यापासून गडगडाटापर्यंत.

बाळंतिणीचं काम करणाऱ्या संपदाने पहिल्या दिवशी जॉयलला वाढदिवसाच्या केकसारखं दोन्ही हातांवर धरलं होतं. मावशी सरळ कॅमेऱ्यासमोर गेली. म्हणाली, "बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलं पाहिजे. तू याला कापायला निघाल्यासारखी धरतेस." संपदा मनापासून शिकली. सरांना ते दिसायला सपक वाटलं, पण त्यांनी तसंच ठेवलं.

आवाजाचं काम करणाऱ्याला एक खोड लागते, कोण कसं ऐकतं इकडेही त्याचं लक्ष असतं. मावशी बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघते आणि नेहमी उजवीकडून वळते, हे मला आठवडाभरात दिसलं. मी एकदा हळूच विचारलं. तिने आधी आजूबाजूला पाहिलं. डाव्या कानाने तीन वर्षं काही नाही, म्हणाली, उजव्याने अर्धं. मशीन घेतलं होतं, ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात पडलंय.

"कुणाला बोलू नकोस, आयुष. ऐकू न येणाऱ्या बाईच्या हातात कोण बाळ देईल?"

तिच्या सुनेचं नाव ब्रिटनी. ब्रिटनीचा नवरा रुडॉल्फ जहाजावर नोकरीला होता, त्यामुळे जॉयलसोबत शूटिंगला या दोघीच यायच्या. ब्रिटनी मॉनिटरच्या मागे खुर्चीवर बसून सगळं बघायची. एका गुरुवारी सकाळी जो प्रसंग झाला त्यात मालिकेतली सासू जाहीर करते की सुनेला दूधच पुरत नाही, आणि मग अख्खं घर तिच्यापुढे अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू, शतावरी, कुणी काय कुणी काय घेऊन रांग लावतं. शेवटी सासरा बाटली घेऊन येतो आणि बाळ गप्प होतं. युनिट खूप हसलं. ब्रिटनीही हसली, आणि मग जॉयलला उचलून मागच्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने मावशी माझ्याकडे आली. बाहेरच्या पायरीवर बसली आणि तिने जे सांगितलं ते असं. गेले पंधरा दिवस जॉयल पिता पिता सुटतो, किरकिरतो, पुन्हा लागतो. ब्रिटनीच्या मनाने घेतलंय की दूध आटलं. डॉक्टरांनी वजन केलं, छान वाढलंय म्हणाले. लंगोट ओले होतात तेही मावशीने मोजून दाखवलं. पण तिची खात्री पटत नाही. सोमवारी बाजारातून पावडरीचा डबा आणून वरचं दूध सुरू करायचं तिने ठरवलंय. आणि रात्रंदिवस रडतेय ती काही भुकेल्या बाळापायी नाही, आपण आई म्हणून कमी पडलो म्हणून.

"वॉर्डात मी काय करायची ठाऊक आहे? बाळाच्या कानाशी कान न्यायची आणि घोट ऐकायची. घोट आला की दूध आलं. मग त्या बाईचं बोट धरून प्रत्येक घोटाला दाबायची. हा एक, हा दुसरा. बाई रडायची थांबायची. आता ब्रिटनी विचारते, ममी, तुम्हाला घोट ऐकू येतायत ना? हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण एवढ्या वर्षांत एकाही बाळंतिणीशी मी खोटं बोलले नाही. माझ्याच सुनेशी कशी बोलू?"

मग तिने माझ्या बॅगेकडे बोट दाखवलं. कॉलरला लावायच्या छोट्या माइकला ती झुरळ म्हणायची. "तुझं ते झुरळ जॉयलच्या टोपड्याला लावलं तर?"

ब्रिटनी आधी तयार होईना. टीव्हीवाल्यांच्या मशीनवर आपण पाजणार नाही म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं. मी तिला कसं करता येईल ते समजावलं. माइक मावशी लावील. वायर दाराखालून बाहेर. हेडफोन फक्त तिच्या कानाला, दुसरा कुणी काही ऐकणार नाही. मी बाहेर पायरीवर बसेन, पाठ दाराकडे. रेकॉर्डिंग ती म्हणेल तर ठेवायचं, नाहीतर तिच्यासमोर पुसायचं.

"आणि उद्या हे मालिकेत लावलंत तर?" तिने विचारलं.

"तर याच्या सगळ्या वायरी विहिरीत," मावशी म्हणाली.

दार लागलं. माझ्या मांडीवर रेकॉर्डर होता, त्याच्या पडद्यावर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या. मला ऐकू काहीच येत नव्हतं, फक्त दिसत होतं. सुरुवातीला बारीक, भराभर थरथर, जॉयलची चोखण्याची घाई. मिनिटभर तेवढंच. माझ्या मनात आलं, माइक नीट लागला नसेल, किंवा ब्रिटनीचंच खरं असेल. मग थरथर मंदावली आणि एक पट्टी उंच उठली. खाली बसली. पुन्हा उठली. मग एका ठेक्यात, एकामागून एक. मी मोजायचं सोडून दिलं.

आतून ब्रिटनीचा आवाज आला, फार मोठा नव्हे. "ममी. हा केवढा पितोय."



तोवर सरांचा निरोप येऊन धडकला, पुढच्या प्रसंगाला बाळाचं रडणं हवंय. जॉयल तोंड उघडं टाकून झोपला होता. एकाने सुचवलं, हलकासा चिमटा काढू. मावशीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सरांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि पाऊण तास साठ माणसांचं युनिट आवाज न करता चहा पीत बसलं. एवढा शांत सेट मी पुन्हा कधी पाहिला नाही.

सकाळी झालेला लाडवांचा प्रसंग पुढे टीव्हीवर दिसला, बाटलीसकट. त्यावर हशा मीच लावला, ते माझं कामच होतं. रोझलिन मावशीच्या घरी तो लागला तेव्हा ब्रिटनीने म्हणे जॉयलला पाजत पाजत बघितला. सोमवारी ती डबा आणायला गेली नव्हती, मंगळवारीही नाही. वर्षभरात मालिका बंद पडली, युनिट पांगलं. आता मी हशे लावत नाही, जाहिरातींचं काम करतो. पण ती गुरुवारची दुपार मनातून जात नाही.

त्या पाऊण तासातच ब्रिटनी बाहेर आली आणि तिने हेडफोन माझ्यापुढे धरला. डोळे सुजलेले होते, पण चेहरा मोकळा. रेकॉर्डिंग पुसायचं का, मी विचारलं. ती म्हणाली, आधी ममींना ऐकवा.

मावशी नको नको म्हणत होती. ब्रिटनीने तिला पायरीवर बसवलं, केसांची पिन सोडवून हेडफोन दोन्ही कानांवर नीट बसवला. मी आवाज चढेल तेवढा चढवला. मावशीने डोळे मिटले. सुरुवातीची घाई ऐकताना तिचा चेहरा तसाच होता. मग तिने न बघताच हात पुढे केला, ब्रिटनीचं बोट पकडलं आणि दाबायला लागली. एकदा. थांबून पुन्हा एकदा. ब्रिटनी खाली बसली, डोकं तिच्या गुडघ्याला टेकवून. मावशी दाबत राहिली, रेकॉर्डिंग संपेपर्यंत.

संपल्यावर तिने हेडफोन काढला आणि नेहमीच्या, वॉर्डातल्यासारख्या आवाजात म्हणाली, "शेवटी शेवटी दमतोय. आता उठला की दुसऱ्या बाजूने सुरू कर."

"हो, ममी," ब्रिटनी म्हणाली.