आरशातला डावखुरा

गजू, आपला तो पोरगा डावखुरा नव्हता.

आज तुला जाऊन वर्ष झालं. छातीत दुखतंय म्हणून चाकूरहून लातूरला नेत होते, वाटेतच गेलास. मी इथं मस्कतला, एसीच्या डक्टवर चढलेलो. मातीला येता आलं न्हाई.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. गजूचं चाकूरला स्टँडसमोर कटिंगचं दुकान होतं. सोमवारी दुकान बंद.

बंद म्हणजे शटर अर्धं खाली. आत आम्ही तिघं. गजू, मी आणि टायरवाले खाजाभाई.

कोणीतरी पेनड्राइव्हमध्ये एक अमेरिकन सिरीयल भरून दिली होती. बारकं गाव, गावात एक शाळा, शाळेची फुटबॉलची टीम. बस्स. एवढ्यावर आम्ही येडे झालो.

पहिल्या दिवशी खाजाभाई म्हणले, "ये कैसा फुटबॉल रे, पाँव तो लगाताच नै कोई."

बॉल नारळासारखा. हातात घेऊन पळायचं, पडायचं, परत उभं राहायचं. नियम शेवटपर्यंत कळला न्हाई. इंग्लिश तर न्हाईच न्हाई. मी नववीत शाळा सोडलेली.

पण तोंडं कळायची.

मॅचच्या आदल्या दिवशी हॉटेलवाला टीमच्या पोरांना फुकट खाऊ घालायचा, ते कळायचं. हरल्यावर त्याच हॉटेलात कोणी वर बघायचं न्हाई, ते पण कळायचं. पाण्याची टाकी, एक मेन रोड, दोन्ही बाजूला रान. खाजाभाई म्हणायचे, "ये तो अपना चाकूरच है, सिर्फ लोगां गोरे हैं."

टीव्ही मागच्या भिंतीवर होता. गिऱ्हाइकाला दाढी करता करता आरशात दिसावा म्हणून. खुर्च्या फरशीत बोल्ट मारून बसवलेल्या, आरशाकडं तोंड करून. त्या खुर्च्यांवर रेलून आम्ही अख्खी सिरीयल आरशात बघितली.

शर्टावरचे नंबर उलटे दिसायचे. त्याचं काही वाटायचं न्हाई.

एका सोमवारी तूच म्हणलास, "बाल्या, बघितलं का? पोरगा डावखुरा हाय."

बॉल फेकणारा मेन पोरगा. डावा हात मागं न्यायचा, सगळं स्टेडियम श्वास धरायचं, आणि बॉल लाईटच्या उजेडातून असा तरंगत जायचा की वाटायचं, खाली येऊच नये.

तू डावखुरा. ज्याच्या हातात वस्तरा, त्यानं डावखुरं असणं म्हणजे काय, ते आमच्याकडं ज्यांनी बघितलं त्यांनाच कळंल. म्हातारी माणसं तुझ्या खुर्चीत बसायची न्हाईत. जावळाला तर तुला कोणी बोलवायचंच न्हाई. लेकराच्या पहिल्या केसाला डावा हात कसा लावायचा. तुझ्या बापानं उजव्या हातानं शिकवायला किती मारलं, हे तू हसत सांगायचास.

त्या पोराला बघितल्यापासून तू गिऱ्हाइकासमोर वस्तरा उजव्या हातात घ्यायचं बंद केलंस.

मस्कतला यायच्या आधी माझ्या भाच्याचं जावळ होतं. भाचा माझ्या मांडीवर, मी मामा. मी तुला बोलवलं. बहिणीचे सासरे म्हणले, "गजानन, उजव्या हातानं घे."

तू कात्री डाव्या हातात धरून शांतपणे म्हणलास, "तात्या, उजव्यानं घेतलं तर पोराचा कान जाईल. मग मला बोलू नका."

तात्या मागं सरकून बसले. भाचा तर झोपूनच गेला.

मग माझ्या कानाशी येऊन म्हणलास, "आपल्या सिरीयलमधल्या पोराच्या डाव्या हाताकडं अख्खं गाव बघत बसतंय का न्हाई? मग."

आपला शेवटचा भाग राहिला. पेनड्राइव्हमध्ये अडकायचा. तू म्हणलास, सुट्टीला आलास की मिळून बघू.

इथं आल्यावर मोबाईलवर सिरीयल सापडली. पहिला भाग लावला, सरळ समोर धरून. पोरानं बॉल फेकला. उजव्या हातानं.

परत लावला. उजव्याच.

लगेच तुला फोन लावला. सांगणारच होतो. मागं कात्रीचा आवाज येत होता. तू म्हणलास, "बाल्या, आज आणखी एक जावळ केलं. म्हातारी स्वतः बोलवायला आली, म्हणली तुझा हात हलका हाय."

मी म्हणलो, "भारी काम, गजू."

दुसरं काही म्हणलोच न्हाई. नंतर तू गेलास, आणि ते माझ्याजवळच राहिलं. वर्षभर वाटत होतं, तू खोट्यावर विसंबून गेलास.

आज शुक्रवार, सुट्टी. दुपारी रूमवरची पोरं झोपलेली. बेसिनसमोर दाढी करायला उभा राहिलो आणि हात चुकला. आरशात डावं कुठलं, उजवं कुठलं, गोंधळ झाला. आणि तुझा आवाज आला. भांग पाडायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचास तो.

"तुझं डावं, का आरशातलं डावं?"

दिवसभर आरशासमोर उभा राहणारा माणूस तू. तुला माहीत नव्हतं होय रे.

पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला. तरी तूच म्हणलास, पोरगा डावखुरा हाय.

तोंडाला साबण तसाच. मोबाईल मागच्या खिडकीत उभा केला, आरशाकडं तोंड केलं आणि आपला राहिलेला शेवटचा भाग लावला.

काय झालं ते इथं लिहीत न्हाई. खाजाभाईंनी अजून बघितला नाही, ते म्हणले, तू ये, मग बघू. एवढंच सांगतो, शेवटी बॉल वर गेला, लई वर, आणि अख्खं गाव मान वर करून बघत होतं.

डाव्या हातानं फेकला, गजू. मी बघितलं.

दोन्ही हातांनी नमस्कार तुला.