नसलेल्या कोपऱ्याचं माप

हळद पॉलिश करायचे ड्रम बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग काढते. कारखाना म्हणजे हिंगोलीच्या बाहेर पत्र्याची एक लांब शेड आणि तिच्या टोकाला काचेची खोली. खोलीत मी, कम्प्युटर आणि कूलर; शेडमध्ये मिस्त्री. आमच्या तांड्यावरून आयटीआय करून टेबलखुर्चीवर बसलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं.

मिस्त्रींना मी मामा म्हणायचे. पत्रा कापण्यात हयात गेलेला माणूस. ड्रॉइंग ते हाताशी ठेवत, पण खरा विश्वास काटकोन तपासायच्या गुण्यावर आणि टेपवर. पत्र्याचा कोपरा गोल करायचा असला की आधी गुण्या लावून नीट चौकोन आखत, मग कोपऱ्यात चहाच्या पेल्याचं बूड टेकवून खडूनं गोलाई काढत आणि सगळ्यात शेवटी ग्राइंडर चालवत. मापं सगळी त्या मूळ कोपऱ्यापासून. कोपरा तर कापून गेला, मग माप त्याच्यापासून कसं धरता, असं मी एकदा चिडवायला विचारलं. ते म्हणाले, "आजा मरून धा वर्सं झाले तरी सातबारा त्याच्याच नावानं चालून राहिला का न्हाई? तसंच हाय हे."

कम्प्युटरवरही खरं तर हेच करायचं असतं. गोल केलेल्या कोपऱ्याच्या दोन्ही सरळ कडा बारीक रेषेनं पुढे वाढवायच्या, त्या जिथे एकमेकींना मिळतात तो बिंदू धरायचा, माप तिथून द्यायचं आणि गोलाईची त्रिज्या वेगळी लिहायची. आयटीआयच्या सरांनी हे आमच्याकडून घोटून घेतलं होतं. पण घाई असली की आळस सुचतो. माऊस रेषेच्या टोकाशी नेला की तो तिथं आपोआप चिकटतो. ते टोक कोपऱ्याचं नसतं. सरळ रेष संपून गोलाई सुरू होते, तिथलं असतं. क्लिक केलं की आकडा उमटतो. आकडा खोटा नसतो, फक्त भलत्याच गोष्टीचा असतो.

ड्रमच्या बाजूला साखळी आणि दात्यांचं चाक असतं, त्यावर पत्र्याचं झाकण. जुन्या झाकणांचे कोपरे टोकदार असत आणि हळद भरणाऱ्या बायांच्या दंडांना ओरखडे काढत. ते गोल करायची कल्पना माझी. मालकांनी सगळ्यांसमोर "मॅडमचं डोकं चालतं" म्हणून कौतुक केलं आणि मी दोन दिवस हवेत होते. झाकणाची पूर्ण लांबी सहाशे मिलीमीटर, दोन्ही टोकांना पंचवीस-पंचवीसची गोलाई. मी माप दिलं ते मधल्या सरळ कडेचं, एका गोलाईपासून दुसऱ्या गोलाईपर्यंत. साडेपाचशे. पूर्ण लांबी कुठेच लिहिली नाही. प्रिंट काढली आणि शेडमध्ये पाठवून दिली.

थोड्या वेळानं मामांचा फोन आला. शेडमधून खोली पन्नास पावलांवर, पण हातातलं काम टाकून कोण येणार.

"पोरी, हे साडेपाचशे कोपऱ्यापासनं हाय का गोलाईपासनं? मला आखूड वाटून राहिलं."

मी दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये गुंतले होते. फाइल न उघडताच म्हणाले, "मामा, छापलंय तेच धरा. कम्प्युटर चुकत नाही."

मामा "बराबर" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी साडेपाचशेचा पत्रा कापला आणि त्यातूनच कोपरे गोल केले. झाकण दोन इंच आखूड झालं. एका बाजूला बिजागरी पक्की असल्यामुळे सगळी फट दुसऱ्या टोकाला राहिली, नेमकी साखळी चाकात शिरते तिथे. बसवताना मामा परत काही म्हणाले का, मला ठाऊक नाही. मी शेडमध्ये गेलेच नव्हते. ड्रम जवळा बाजारकडच्या एका गावात गेला.

ऐन हंगामात एका सकाळी बातमी आली. ड्रमवर कामाला असलेली एक बाई चाकाशी सांडलेली हळद गोळा करत होती आणि तिचा हात त्या फटीत गेला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मालक माझी प्रिंट घेऊन खोलीत आले. त्यांना ड्रॉइंग वाचता येत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या ड्रॉइंगात झाकण किती लांब आहे?"

मी फाइल उघडली. स्क्रीनवरचं झाकण पूर्ण सहाशेचं होतं. पन्नास मिलीमीटर कुठे गेले ते मला तिथल्या तिथे कळलं.

"सहाशे," मी म्हणाले. "ड्रॉइंग बरोबर आहे."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पण मी जन्मात मारलेल्या सगळ्या थापा एकत्र केल्या, तरी त्या एवढ्या खोट्या भरणार नाहीत.

मालकांनी मामांना आत बोलावलं. "पत्रा किती कापला?"

"साडेपाचशे."

"आणि पाहिजे किती होता?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आता ते फोनचं सांगणार, म्हणून मी मान खाली घातली. सांगितलंच तर आपण काय म्हणायचं, याची जुळवाजुळवही मनात चालली होती. लाज वाटते, पण चालली होती. ते म्हणाले, "सहाशे. माही नजर चुकली."

दुपारच्या आत टेप आणि गुण्या पिशवीत घालून ते हिंगोलीकडच्याच गोरेगावला, आपल्या घरी निघून गेले. मालकांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

उरलेला हंगाम मी खाली मान घालून काम केलं. प्रत्येक कोपऱ्याच्या कडा वाढवल्या, बिंदू धरले, पूर्ण लांबी लिहिली, त्रिज्या लिहिली. नवा मिस्त्री म्हणाला, इतकं साफ ड्रॉइंग त्यानं कुठं पाहिलं नाही. मला रडू आलं आणि ते मी कूलरच्या पाण्याच्या निमित्तानं बाहेर जाऊन उरकलं. शेवटी राहवेना. मालकांना सगळं सांगितलं, फोनसकट. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, ते प्रकरण मिटलंय. मिस्त्रीनं कबूल केलंय. आता उकरू नका." मी नोकरी सोडली नाही, हेही इथेच सांगून टाकते.

आधी मामांकडे जायला हवं होतं. तेवढी हिंमत नव्हती. अनोळखी माणसाच्या शिव्या खाणं त्या मानानं सोपं, असं वाटलं आणि एका रविवारी मी त्या बाईच्या गावी गेले. ती अंगणात डाव्या हातानं भांडी घासत होती. कारखान्यातून आले म्हटल्यावर तिनं उजवा हात पदराखाली घेतला आणि मला बसायला पोतं टाकलं.

"तुमी काहून आल्या?" ती म्हणाली. "तुमचा मिस्त्री तर दोनदा येऊन गेला."

मला हे माहीत नव्हतं.

"पहिल्यानं दवाखान्यात आला. म्हणला, माप माह्याकडनं चुकलं. मंग इथं आला, घरी."

तेव्हा मी सांगायला सुरुवात केली. कोपरा, गोलाई, रेषेचं टोक, त्यांचा फोन, माझं उत्तर. तिला ड्रॉइंगमधलं काय कळणार, असं मी धरून चालले होते. पण ती मध्येच म्हणाली, "बिलाउज बेतताना बी आमी गळा गोल कापतो, पण माप आधी चौकोनाचंच घेतो. मी शिवत व्हते ना, हात व्हता तवा."

मी उरलेलं सांगून टाकलं. तिनं मला एकही शिवी दिली नाही. डाव्या हाताला लागलेली राख तिनं पदराला पुसली.

"तो घरी आला त्या दिशी मी त्याला लई वंगाळ बोलले," ती म्हणाली. "तुहे हात झडून जातील म्हणले. तुह्या लेकरायचे बी झडतील म्हणले. दारातच उभा व्हता, पाणी बी दिलं न्हाई मी त्याला. त्यानं सगळं ऐकून घेतलं अन् हात जोडून गेला. तुमी तर शिकलेल्या हाव. तुमीच सांगा, ते आता मी माघारी कसं घेऊ?"