टिपणिसांचे चार नापास बर्नर

"चार वेळा नापास!" साहेबांनी माझा फॉर्म टेबलावर आपटला. "आणि अशा माणसाला पितळ द्या म्हणता?"

नापास झालेले गृहस्थ बाहेर बाकावर बसले होते. शिवराम टिपणीस, राहणार डोंबिवली. त्यांना नापास केलं होतं मी.

तेव्हा मी ठाण्याला उद्योग खात्यात इन्स्पेक्टर होतो. पितळेवर कंट्रोल होता. कारखान्याला ते परमिटवर, ठरलेल्या वाट्यानं मिळे. त्या वाट्याला कोटा म्हणत. तो कोणाला द्यायचा हे आमच्या कचेरीत ठरे. अशात वरून हुकूम आला: माणूस कारखानदार कसा होतो, याचा शास्त्रीय अभ्यास करा. साहेबांनी तो माझ्याकडे ढकलला आणि मी हरखलो!

ठाण्यापासून कल्याणपर्यंत शेडी पालथ्या घातल्या आणि मला एक गोष्ट दिसली. कारखाना नारळ फोडून सुरू होत नाही. माणूस काहीतरी करतो, ते फसतं, त्यातून एक गोष्ट कळते, मग तो दुसरं करतो. ही साखळी म्हणजेच धंदा. मी इतका खूश झालो की अर्जाच्या फॉर्ममध्येच एक रकाना वाढवला: 'पूर्वीचे फसलेले प्रयत्न'. साहेबांनी न वाचता सही केली.

टिपणीस ठाकुर्लीला फिटर होते. नोकरी सोडून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टोव्हचे बर्नर करू लागले होते. पहिला बर्नर भडके. दुसऱ्याचा सांधा तापला की सुटे. तिसऱ्याचं भोक इतकं बारीक की सारखी पिन मारावी लागे. चौथा उत्तम होता, पण आवाज करत नव्हता. स्टोव्ह फरफरला नाही तर त्यात जोर नाही, असं म्हणून बायका तो परत करत. पाचवा फरफरला आणि खपू लागला. आता पितळ संपत आलं होतं. कोटा मिळाला नाही तर शेडला कुलूप.

"हे सगळं लिहायचं?" टिपणिसांनी विचारलं. "लोक हसतील हो."

"लिहा, लिहा! यातच तर खरी गंमत आहे!"

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "इन्स्पेक्टरसाहेब, मुलगी दाखवताना आधी किती स्थळांनी नाकारलं ते कोणी सांगतं का?"

मी मोठ्यांदा हसलो. चहा प्यालो. आणि चारही बर्नर त्यांच्याकडून तारीखवार लिहून घेतले.

आता साहेब तोच रकाना बोटानं ठोकत होते.

"साहेब, पाचवा बर्नर खपतोय."

"पाचव्या वेळी कोणीही पास होईल. आमच्या घरात सगळे पहिल्या फटक्यात मॅट्रिक! हा अर्ज बघा."

तो अर्ज ठाण्यातल्या एका बड्या गृहस्थांचा. चार पानं टाइप केलेली योजना, सोबत निळा नकाशा. माझ्या लाडक्या रकान्यात 'निरंक', म्हणजे काही नाही.

"साहेब, यांनी अजून काही केलेलंच नाही!"

"म्हणजे एकदाही चुकले नाहीत. लिहा शिफारस."

मी लिहिली. नोकरी मलाही हवी होती.

बाहेर आलो. टिपणीस उठून उभे राहिले. मी काय झालं ते सांगितलं.

"पण तुम्हीच लिहा म्हणालात," ते म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यांच्यासाठी मी दोनदा वर लिहिलं. दोन्ही कागद 'योग्य कार्यवाहीसाठी' आमच्या साहेबांकडेच परत आले. महिन्याभरात शेड बंद झाली. टिपणीस पुन्हा फिटर झाले, ज्याला त्यांनी कानस धरायला शिकवलं त्याच्या हाताखाली. ठाण्याच्या गृहस्थांनी कारखाना काढलाच नाही. कोट्याचं पितळ जसंच्या तसं बाजारात विकलं. त्यातही ते एकदाही चुकले नाहीत.

माझा अभ्यास मात्र गाजला. साहेबांनी तो कापडी बांधणीत, स्वतःच्या सहीनं वर पाठवला.

माणसाचा अभ्यास आणि माणसाचा निकाल एकाच कागदावर करू नये. एवढं समजायला मला एक कारखानदार खर्ची घालावा लागला.